आरंभाच्या दोन कथा : रायरेश्वर आणि तोरणा

स्वराज्याचा आरंभ कोठे झाला, या प्रश्नाला मावळात दोन उत्तरे मिळतात. भोरकडचा माणूस रायरेश्वराच्या पठाराकडे बोट दाखवतो : १६४५ साली शिवरायांनी मावळी सवंगड्यांसह तेथील शिवलिंगासमोर शपथ घेतली. वेल्ह्याचा माणूस डोक्यावरच्या तोरण्याकडे पाहतो : १६४६ च्या सुमारास हा किल्ला हाती आला आणि स्वराज्याचे तोरण बांधले गेले.

दोन्ही कथा शाळेच्या पुस्तकात एकामागून एक येतात, म्हणून त्यांच्यातील विसंगती आपल्याला जाणवत नाही. पण त्या आरंभाची दोन भिन्न रूपे मांडतात. एकीत राज्य शब्दातून जन्मते, दुसरीत कृतीतून.

तोरण्याच्या कथेत दैवही आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की, गडावर खोदकाम करताना पुरलेले धन सापडले, ते भवानीच्या कृपेचे फळ मानले गेले आणि त्यातून शस्त्रखरेदी व राजगडाची बांधणी झाली. गडाच्या नावाची एक उपपत्ती तोरणीच्या झाडांशी जोडली जाते. तरीही लोकमनाला ‘तोरण’च जवळचे वाटते, कारण झाडाच्या नावातून आरंभाचा अर्थ निघत नाही.

रायरेश्वराच्या कथेचा आधार अधिक नाजूक आहे. रोहिडखोऱ्यातील दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेले १६४५ चे एक पत्र तिच्यासाठी पुढे केले जाते. ‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द त्यात येतात. मात्र त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय पत्रातील देवाचे नाव रोहिरेश्वर असे आहे. ते अस्सल मानले तरी त्याचा सूर विजयघोषाचा नाही. विजापूरच्या धाकाने घाबरलेल्या घराला त्यात धीर दिला आहे आणि आपण शहाशी बेइमानी करीत नाही, असा निर्वाळाही दिला आहे. कारीच्या जेधे घराण्याच्या शकावलीनुसार जन्मवर्ष १६३० धरले, तर पत्रलेखकाचे वय त्या वेळी पंधरा ठरते. जुन्या मताप्रमाणे १६२७ धरले तर अठरा.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे. शपथेच्या कथेत भीती नाही, पत्रात आहे. शपथेत सारे सवंगडी एकमुखाने बोलतात. पत्रामागे मात्र वतन, कुटुंब आणि दरबारी हुकूम यांच्या कात्रीत सापडलेली माणसे दिसतात. आख्यायिकेने काही जोडले आहे, त्याहून अधिक गाळले आहे. गाळले आहे ते मावळातील वतनदारांचे द्विधा मन.

विजयनगरची कथाही अशीच आहे. हरिहर-बुक्क, विद्यारण्य आणि शिकारी कुत्र्यांवर उलटलेला ससा ही चित्रे राज्य उभे राहिल्यावर दृढ झाली आणि विद्यारण्यांच्या भूमिकेविषयी इतिहासकारांनी पुढे शंका घेतल्या. आरंभकथा बहुधा यशानंतरच रचली जाते. अपयशी बंडाच्या पहिल्या दिवसाची तिथी कोणी जपत नाही.

म्हणून आख्यायिका टाकून द्यावी असे नाही. तिने पिढ्यांना बळ दिले, हाही इतिहासच आहे. परंतु वर्गात शपथ शिकवताना ते पत्रही शेजारी ठेवावे. निर्भय मुलांनी राज्य उभारले यापेक्षा, भ्यालेल्या माणसांना सोबत घेऊन ते उभारले गेले, ही गोष्ट अधिक मोठी आहे.