नामविस्तार दिन संपल्यावर काय?

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेव्हा निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात गोरगरिबांच्या लेकरांना कॉलेज हे स्वप्नच होते. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. हा लढा नुसत्या पाटीसाठी नव्हता. ज्ञानाच्या दारावरचा आपला समान हक्क मान्य करून घेण्यासाठी होता.

म्हणून 14 जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर नतमस्तक होणाऱ्या प्रत्येकाने उरलेल्या 364 दिवसांचा हिशेब द्यावा. वस्तीतल्या किती मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज आपण भरून दिले? जातीवरून हिणवल्या गेलेल्या विद्यार्थ्यासोबत तक्रार द्यायला आपल्यातले किती जण गेले? शहिदांना खरे अभिवादन तेच. जयभीम!