परमुलखातली चैन

सरकारी नोकराच्या आयुष्याचे टप्पे बदलीच्या वेळी केलेल्या सामानाच्या याद्यांवरून मोजता येतात. चार वर्षांपूर्वी चेन्नईस निघताना आमच्या घरी झालेली यादी मी अजून जपून ठेवली आहे. तीत गोडा मसाला आहे, मेतकूट आहे, जाडे पोहे आहेत आणि आमसुलांची चार शेरांची पुडी आहे. पुढे काही वर्षे आपण वेढ्यात सापडणार आहोत, अशा बेताने ती केलेली दिसते. आपल्यापैकी ज्यांना नोकरीने घराबाहेर काढले आहे, त्यांच्या कपाटातही अशी एखादी यादी सापडेल.

परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या मनात एक अवघडलेपण असते. तेथले खाणे आवडू लागले, तेथली वस्त्रे डोळ्यांत भरू लागली, बाजारातून हिंडताना मन रमू लागले, की आपण घराशी काहीशी प्रतारणा करीत आहोत असे वाटते. शिवाय खाणे, नेसणे आणि खरेदी या गोष्टी क्षुल्लक. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी, असा आपला शाळेपासूनचा समज. हा समज किती अपुरा आहे, हे मला या शहराच्या जुन्या दप्तराने शिकविले.

इ. स. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर निघाले. गोवळकोंड्यास कुत्बशहाची भेट घेऊन व श्रीशैलाचे दर्शन करून ते मे महिन्यात मद्रासच्या परिसरात आले. समुद्रकाठी सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजांची वखार होती. १४ मे रोजी तेथल्या कौन्सिलच्या दप्तरात एक नोंद झाली. महाराजांचे पत्र घेऊन एक ब्राह्मण व आणखी दोन माणसे आली होती. पत्रात मागणी होती ती हृदयास बळ देणाऱ्या औषधी खड्यांची आणि विषावरील उताऱ्याची. किंमत देण्याची तयारीही कळविली होती. एवढ्या मोठ्या पुरुषाकडून एवढ्याशा वस्तूंचे पैसे घेणे इंग्रजांना शहाणपणाचे वाटले नाही. त्यांनी त्या वस्तू नजर म्हणून पाठविल्या, सोबत आपल्या बागांतील फळे दिली आणि ब्राह्मणाच्या हाती तीन वार बनात व थोडे चंदन ठेवले. त्याच वर्षी पुढे महाराजांनी सुरुंगाच्या कामातील जाणकार मागितले, तेव्हा मात्र त्या व्यापाऱ्यांनी गोड शब्दांत नकार कळविला.

औषधी खडे ही चैन नव्हे, हे उघड आहे. स्वारीवरील राजाला विषाची धास्ती बाळगावीच लागे. तरीही ही नोंद वाचताना मला विलक्षण जवळीक वाटली. कोणत्या बंदरात कोणती चांगली वस्तू मिळते हे ध्यानात ठेवून त्या गावाजवळून जाताना ती मागविणे, हा प्रत्येक प्रवाशाचा धर्म आहे, आणि महाराजही त्याला अपवाद नव्हते. ती फळे कोणती होती, कोणी खाल्ली, हे नोंदीत नाही. पण मेच्या उन्हाळ्यात कोणा मराठी माणसाची जीभ त्या बागेतील फळांनी ओली झाली असेल, हे कल्पिण्यास हरकत नसावी. आणि हे सारे आपणांस कळते ते एका कारकुनाने त्या दिवशी तीन वार बनातीचाही हिशेब लिहून ठेवला म्हणून.

महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे याच सुमारास तंजावरास स्थिर झाले होते. तेथील मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याची निशाणी आज चेन्नईच्या प्रत्येक खानावळीत वाढली जाते, असे लोक मानतात. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्याकडे संभाजी महाराज पाहुणे आले असता मुदपाकखान्यातील आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून तिला ‘सांबार’ म्हणू लागले, अशी ही आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती उतरत नाही. शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा अंत झाला. या मधल्या पाच वर्षांतील अशा पाहुणचाराचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमविलेली सामग्री, आणि मसाल्याच्या सामग्रीस आपल्याकडेही ‘संबार’ म्हणत. शब्दाचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक होय.

पण आख्यायिका खोटी ठरली, तरी तिच्यात सांगितलेला व्यवहार खोटा नाही. तंजावरच्या मराठी घरांत पिठले तमिळ वळणाने ‘पिटलै’ झाले, वांग्याने ‘रसवांगी’चे रूप घेतले आणि आपली पोळी ‘बोळी’ होऊन मिठाईच्या दुकानात जाऊन बसली. दीपाबाई राणीसाहेबांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘कुतूहल’ हा शब्द त्यांनी मोठा मार्मिक योजला. परमुलखातील ताटासमोर बसताना तीच वृत्ती हवी.

वस्त्रांची कथा तर याहून दूर जाते. इंग्रजांनी १६३९ मध्ये या उजाड किनाऱ्यावर जागा मिळविली, ती मुख्यत्वे येथील सुती कापड स्वस्त व चांगले मिळे म्हणून. या प्रदेशातील चौकटीचे रंगीत रुमाल पुढे ‘मद्रास’ याच नावाने जगभर गेले. पश्चिम आफ्रिकेत त्यांना समारंभाच्या वस्त्राचा मान मिळाला आणि कॅरिबियन बेटांतील स्त्रियांनी ते डोक्यास बांधले. सेंट लुसियाच्या राष्ट्रीय पोशाखात ते आजही आहे. ज्यांनी हे शहर कधी पाहिले नाही, त्यांनी त्याचे नाव मस्तकी धारण केले. आपल्याकडे दप्तराचे कागद ज्यात बांधतात त्यालाही ‘रुमाल’च म्हणतात. एका रुमालात राज्याचा हिशेब आणि दुसऱ्यात बायकांची हौस. पण लांबचा प्रवास दुसऱ्यानेच अधिक केला.

गेल्या वर्षी माझी आजी रत्नागिरीहून येथे आली. वय पंच्याऐंशी, नेसणे नऊवारी. मैलापूरच्या कपालीश्वराच्या तळ्याकाठी ‘मडिसार’ नेसलेल्या एका वृद्धेस पाहून ती थबकली. तेही लुगडे नऊ वारांचेच. निऱ्यांची रीत तेवढी निराळी. दोघींना एकमेकींचे अक्षर कळत नव्हते. तरी दोघींनी एकमेकींचे पदर चाचपून पाहिले आणि पोताविषयी दोघींचे एकमत झाले असावे.

पुढे फुलवालीपाशी आलो. येथे मोगऱ्याचा गजरा ‘मुळम्’ने मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम्. आजी म्हणाली, “अरे, हा तर आपला हात!” फुलवालीचा हात आखूड आहे हेही तिच्या लगेच ध्यानात आले, आणि तिने आपला लांब हात पुढे करून “याने मोज, बाई” असे शुद्ध मराठीत बजावले. फुलवाली खळखळून हसली व तिने त्याच मापाने गजरा दिला.

त्या रात्रीच्या आमटीत चिंच होती, कारण चार शेर आमसुले केव्हाच संपली होती. आमच्याकडे आमटीस आमसूलच लागते. पत्नी धास्तावली होती. आजीने पहिला भुरका घेतला, थोडी थांबली आणि म्हणाली, “हिला आमटी म्हणू नकोस, सूनबाई. पण आणखी वाढ.”

परवा माझ्या बदलीचा हुकूम आला. ठिकाण उत्तरेकडचे आहे. घरी नवी यादी सुरू झाली असून तीत माझ्या मुलीच्या हस्ताक्षरात कॉफीचा फिल्टर, दवरा-टंबलर, सांबाराची पूड आणि दोन शेर चिंच लिहिलेली आहे. आमसुलांचा उल्लेख मला प्रथम दिसला नाही, आणि मन क्षणभर खट्टू झाले. मग कागद उलटला. मागच्या बाजूस, अगदी वर, तेही होते.

ती यादी मी जुन्या यादीशेजारी ठेवणार आहे.