एक जहाज आणि एक निधी : तुवालूची गोष्ट

मदत करणारे हात अनेक असले की लहान राष्ट्राचे भले होणारच, असे आपण सहज गृहीत धरतो. पण प्रत्येक दात्याचे शिष्टमंडळ वेगळे, अटी वेगळ्या, हिशेबाची तऱ्हाही वेगळी. मोठ्या देशात हा भार खात्याखात्यांत वाटला जातो. जेथे सारे अर्थखातेच मोजक्या माणसांचे, तेथे पाहुण्यांची सरबराई आणि अहवाललेखन हाच राज्यकारभार होऊन बसतो. प्रशांत महासागरातील तुवालूने या पेचातून काढलेली वाट म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे.

नऊ बेटे मिळून तुवालूची जमीन अवघी 26 चौरस किलोमीटर. ब्रिटिश अमलात ही बेटे गिल्बर्ट बेटांना जोडलेली होती. 1974 च्या सार्वमतात लोकांनी वेगळे होण्याचा कौल दिला, पण त्याची किंमत जबर होती. वाट्याला एक जहाज आले. ओशन बेटावरील फॉस्फेटच्या उत्पन्नावर मात्र पाणी सोडावे लागले. त्याच फॉस्फेटच्या पैशातून 1956 साली उभारलेली गंगाजळी पुढे किरिबाटीला, म्हणजे पूर्वीच्या गिल्बर्ट बेटांना, मिळाली. 1978 साली तुवालू स्वतंत्र झाला तो रिकाम्या तिजोरीनिशी. दरवर्षीची तूट ब्रिटनच्या अनुदानाने भरून निघे. स्वातंत्र्य होते; पण अंदाजपत्रकाला मान्यता दुसऱ्याची होती.

यावर तुवालूने धरलेला आग्रह साधा होता : दरसाल थोडेथोडे देण्यापेक्षा एकदाच भांडवल द्या. 1987 साली आंतरराष्ट्रीय कराराने तुवालू विश्वस्त निधी स्थापन झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी मोठा वाटा उचलला, जपान व दक्षिण कोरियाने लहान. सुमारे 2.71 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या या मुद्दलात तुवालूचे स्वतःचे 16 लाख होते. निर्धन यजमानानेही पंगतीत आपले पान मांडले, हे महत्त्वाचे.

रचनाही विचारपूर्वक केलेली होती. दात्यांचे प्रतिनिधी एकाच संचालक मंडळावर बसत आणि अध्यक्षपद तुवालूकडे असे. महागाईच्या मानाने मुद्दलाचे मोल राखायचे, वरचा नफा तेवढा दुसऱ्या खात्यात वळवायचा, आणि त्यातून गरजेप्रमाणे सरकारने खर्च करायचा. सल्लागार समिती अर्थकारणाची तपासणी करी. म्हणजे निदान या पैशापुरते तरी प्रत्येक दात्याला वेगळे उत्तर देण्याचे कारण उरले नाही. 1999 साली बेटांवरील ग्रामसभांसाठी, म्हणजे फालेकाउपुलेंसाठी, असाच दुसरा निधी उभा राहिला.

दात्यांनी आपसांत मेळ राखावा, यजमान देशाच्या पद्धती वापराव्यात, हे तत्त्व 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात आणि प्रशांत देशांपुरते 2009 च्या केर्न्स करारात शब्दबद्ध झाले. तुवालूत त्याचा एक नमुना 18 वर्षे आधीच चालू होता.

याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा नाही. निधी शेअर बाजाराशी बांधलेला असल्याने 2008 च्या जागतिक अरिष्टानंतर काही काळ त्यातून वाटप होऊ शकले नाही. निधीबाहेरचे प्रकल्प आणि त्यांची शिष्टमंडळेही येतच राहिली. समुद्राची वाढती पातळी तर कोणत्याही व्याजाने थोपणारी नाही.

तरीही एक गोष्ट उरते. 'तुवालू' या नावाचा अर्थ 'एकत्र उभी असलेली आठ'. पूर्वापार वस्ती असलेल्या आठ बेटांवरून ते पडले. दात्यांनाही तसे एकत्र उभे करता येते, फक्त बैठकीचे अध्यक्षपद घेणाऱ्याकडे असावे लागते.