बाबांची पताका

माउलींनो, आपल्या सिंदी मेघेपासून पवनार जवळच. तिथून विनोबाजी १९५१ साली पायी निघाले तेव्हा ५५ वर्षांचे होते, भूदान मागून १९६४ साली परतले तेव्हा ६८. मधी १९५८ साली सर्व धर्मांची मंडळी घेऊन पंढरीनाथाचं दर्शनही केलं.

आम्ही मात्र आमच्या बाबांच्या बाबतीत चुकलो. पाय लटपटतात म्हणून दिंडीत त्यांना ट्रॅक्टरवर बसवलं, खांद्यावरची पताका काढून घेतली. घरीही पाण्याचा तांब्या हातात द्यायचो. वर्षभरात बाबांचं उठणंच बंद झालं. मग आई आमच्यावरच रागावली. बाबांच्या हाती काठी दिली, सकाळी वासरू सोडायचं काम लावलं. हळूहळू पाय वळले. पुढच्या वारीत मुक्काम जवळ आला की बाबा ट्रॅक्टरवरून उतरून शेवटचा कोसभर चालत. नातू मागं, पण हात लावायचा नाही. पताका त्यांच्याच खांद्यावर.