पाण्यावर चालणारी मोटार

दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात एखादी बातमी येतेच की अमक्याने पाण्यावर चालणारी मोटार तयार केली. लोक हरखतात, कचेरीत चहाच्या वेळी चर्चा होते, आणि मग तो संशोधक आणि ती मोटार दोन्ही गडप होतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर त्या लाकडाने दिली तेवढी, किंबहुना जास्तच ऊर्जा आधी ओतावी लागते. मात्र पाण्यातून मोकळा केलेला हायड्रोजन जळतो आणि त्याच्यावर मोटार चालते, यात काही खोटे नाही. जुन्या मराठीत या वायूला उद्जन म्हणत, म्हणजे पाणी निर्माण करणारा. लाव्हाझिएने दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थही नेमका हाच.

मी कलाशाखेचा पदवीधर आणि सरकारी कारकून. पण फाईल वाचायची सवय हाडीमाशी खिळलेली असल्यामुळे हा विषय मी एखाद्या जुन्या प्रकरणासारखा पहिल्या पानापासून वाचत गेलो. प्रकरण दोनशे वर्षांहून जुने निघाले.

पहिले पान १८०७ सालचे. फ्रांस्वा इझाक द रिव्हाझ नावाच्या एका माणसाने, जो पूर्वी लष्करात अधिकारी होता आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला, त्या वर्षी एका इंजिनाचे पेटंट घेतले. उभ्या नळकांड्यात हायड्रोजन आणि हवा यांचे मिश्रण भरायचे, विजेच्या ठिणगीने पेटवायचे, स्फोटाने दट्ट्या वर उडायचा आणि खाली पडताना त्याच्या वजनाने दोरी ओढून चाक फिरवायचे. झडपा हातानेच उघडायच्या. वायू एका फुग्यात भरलेला. हे सगळे प्रकरण गाडीवर बसवले, आणि ती गाडी काही मीटर चालली! आतल्या आत इंधन जाळून चालणाऱ्या इंजिनाची ही जगातली पहिली गाडी समजतात. पेट्रोलची मोटार यायला अजून जवळजवळ ऐंशी वर्षे होती. म्हणजे आपण ज्याला उद्याचे इंधन म्हणतो ते खरे तर कालचे, नव्हे परवाचे.

पुढे १८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वारने इंजिन केले ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालणारे. या गॅसमध्ये जवळजवळ निम्मा हायड्रोजनच असे. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेही अशाच कोळशाच्या गॅसचे. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुंबईने हायड्रोजनच्या उजेडात फेरफटका मारला होता असे म्हणायला हरकत नाही.

त्याच शतकात दुसरी वाट निघाली. वेल्समधला विल्यम ग्रोव्ह हा पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाला. विजेने पाण्याचे दोन वायू होतात, तर ते दोन वायू परत जुळवले तर वीज मिळेल की नाही, असा त्याचा साधा प्रश्न. १८३९ च्या सुमारास त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून ते करून दाखवले. न जाळता, न धडधडता वीज. आज ज्याला फ्युएल सेल म्हणतात तो हाच. प्लॅटिनम तेव्हाही महाग होते आणि आजही महागच आहे. हा मुद्दा पुढे या फाईलवर पुनःपुन्हा येतो.

१९२३ साली केंब्रिजला जे. बी. एस. हाल्डेन यांनी एका व्याख्यानात इंग्लंडचा कोळसा संपल्यावर काय, याचे उत्तर दिले होते. पवनचक्क्यांच्या रांगा उभारायच्या, त्यांच्या विजेने पाणी फोडायचे, आणि वायू द्रवरूप करून जमिनीखाली साठवायचे. आज सरकारी पत्रकांत जे 'हरित हायड्रोजन' म्हणून छापून येते ते शंभर वर्षांपूर्वी या गृहस्थाने मांडले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती जीवशास्त्रज्ञ म्हणून. असो.

आता या फाईलमधले माझे सर्वांत आवडते पान. १९४१ चा सप्टेंबर, जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. ८७२ दिवस चाललेला तो वेढा, लाखो माणसे उपासमारीने आणि थंडीने मेली. शत्रूच्या विमानांना खाली उतरून बाँब टाकता येऊ नयेत म्हणून शहरावर मोठमोठे फुगे पोलादी दोरांनी आकाशात सोडलेले असत. त्यांत हायड्रोजन भरलेला. काही दिवसांनी फुग्यात हवा मिसळे, फुगा जड होई, मग त्याला ट्रकवरच्या रहाटाने खाली ओढायचे, गढूळ झालेला वायू सोडून द्यायचा आणि ताजा भरायचा. पण रहाट फिरवायला पेट्रोल लागे आणि पेट्रोल संपत आले होते. विजेचे रहाट लावून पाहिले तर वीजही जाई.

बोरीस शेलिश्च नावाचा एक तरुण कनिष्ठ अधिकारी या फुग्यांच्या पथकात तंत्रज्ञ होता. त्याने विचार केला, जो वायू आपण हवेत सोडून देतो तोच इंजिनाला का पाजू नये? लहानपणी वाचलेली ज्यूल व्हर्नची 'रहस्यमय बेट' ही कादंबरी त्याच्या डोक्यात होती म्हणतात. तिच्यात पाण्यापासून इंधन मिळण्याची कल्पना आहे. वरिष्ठांनी परवानगी दिली. (युद्धातली परवानगी किती लवकर मिळते पाहा.) फुग्यापासून इंजिनापर्यंत नळी जोडली आणि इंजिन चालू झाले. पण एकदा ज्वाला उलटी नळीतून मागे गेली, फुगा पेटला, स्फोट झाला आणि शेलिश्चला जबर धक्का बसला. दुसरा कोणी असता तर प्रकरण तिथेच बंद. याने अग्निशामकाची टाकी घेऊन तिच्यात पाणी भरले आणि वायू त्या पाण्यातून बुडबुड्यांनी जाईल अशी व्यवस्था केली. आता ज्वाला मागे आली तरी पाण्यापाशी थांबे. एवढीशी युक्ती! त्यावर शेकडो ट्रकांची इंजिने हायड्रोजनवर चालली. बंद दालनातल्या प्रदर्शनातही असे इंजिन चालवून दाखवले, आणि धूर नसल्यामुळे कोणी गुदमरले नाही. शेलिश्चला पदक मिळाले. युद्ध संपले, पेट्रोल परत आले, आणि इंजिने परत पेट्रोलवर गेली.

मला या गोष्टीत शेलिश्चच्या हुशारीइतकेच दुसरे काही महत्त्वाचे वाटते. तिथे हायड्रोजन आयता होता, फुकट होता, वाया जात होता, आणि गाडी एका जागी उभी होती. साठवायचा प्रश्न नाही, न्यायचा नाही, पंपाचा नाही. हे सगळे जमून आल्यावरच हायड्रोजन व्यवहार्य ठरला. बाकीच्या जगात यांतले एकही जमत नाही.

त्याआधी चारच वर्षे, ६ मे १९३७ रोजी, अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे अवाढव्य वायुयान पेटून ३६ माणसे दगावली होती. तेव्हापासून हायड्रोजन म्हटले की लोकांना तोच जळता फुगा दिसतो. ही भीती थोडी अवास्तव आहे, पण अगदी पोकळ नाही. २०१९ च्या जूनमध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळचे हायड्रोजनचे भरणाकेंद्र उडाले. चौकशीत निघाले काय, तर उच्च दाबाच्या टाकीचे बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. हा अणू अगदी लहान, त्याला फट लागत नाही. आणि आपल्याकडे बोल्ट आवळण्याची शिस्त कशी असते ते मी सांगायला नको.

ग्रोव्हची बॅटरी मोटारीत बसवण्याचा मोठा प्रयत्न १९६६ साली जनरल मोटर्सने केला. इलेक्ट्रोव्हॅन हे तिचे नाव. सहा आसनांची व्हॅन, पण टाक्या, नळ्या आणि सेल भरल्यावर आत माणसे मावली दोन. वजन तीन टनांवर. गाडी चालली, पण विकण्याजोगी ती कधीच झाली नाही. याच कंपनीच्या तंत्रकेंद्रात १९७० साली जॉन बॉक्रिस यांनी 'हायड्रोजन अर्थव्यवस्था' हा शब्द वापरला. १९७३ चे तेलसंकट आले तेव्हा तो शब्द सर्वांच्या तोंडी झाला, तेल स्वस्त झाल्यावर विसरला गेला.

अडचण कुठे आहे ते आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरून चटकन कळते. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंड साधारण त्याच्याइतकेच, पंधरा-सोळा किलो. कारण तो गॅस थोड्याशा दाबाने द्रव होतो. हायड्रोजनला द्रव करायचे तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावे लागते. बीएमडब्ल्यूने २००६ साली तशा शंभर गाड्या केल्या; टाकी अर्धी भरून गाडी उभी ठेवली तर नऊएक दिवसांत सगळा वायू आपोआप उडून जाई. म्हणून आता ७०० बार दाबाने कोंडतात, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तीनशेपट. टोयोटा मिराईमध्ये ५.६ किलो हायड्रोजन मावतो, त्यासाठी कार्बनतंतूंच्या टाक्या १४२ लिटरच्या आणि शंभर किलोच्या आसपास. वजनाने पाहिले तर हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा. पण जागेचा हिशेब केला तर एवढा कोंडूनही पेट्रोलच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच.

आणि विजेचा हिशेब पाहा. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला आणि दाबून भरायला पंचावन्नच्या वर युनिटे वीज जाते. तेवढ्यावर मिराई ११५ किलोमीटरच्या आसपास धावते. तीच पंचावन्न युनिटे बॅटरीच्या गाडीत सरळ भरली तर ती तीनशेच्या घरात जाते. वीज, मग वायू, मग दाब, मग परत वीज. सरकारी योजनेचा रुपया जसा टेबलाटेबलावर झिजत खाली पोचतो तसलाच हा प्रकार.

हे माहीत असूनही आश्वासने थांबली नाहीत. २००३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १२० कोटी डॉलरची योजना जाहीर करताना सांगितले की आज जन्मलेल्या मुलाची पहिली गाडी हायड्रोजनची असू शकेल. ते मूल आता विशी ओलांडून गेले. २००४ साली कॅलिफोर्नियात श्वार्झनेगर यांनी 'हायड्रोजन महामार्ग' जाहीर केला. २०१० पर्यंत दीडशे-दोनशे केंद्रे व्हायची होती, वीस वर्षांनीही ती पन्नाससाठच्या पुढे गेली नाहीत. २०२३ साली तिथे किलोचा भाव ३६ डॉलरपर्यंत चढला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शेलने आपली मोटारींसाठीची केंद्रे तिथे बंद केली. ज्यांनी विश्वासाने गाड्या घेतल्या होत्या ते अडकले. मला त्या लोकांचे वाईट वाटते. त्यांनी पर्यावरणासाठी पदरमोड केली होती.

आपलीही फाईल आहे. २००६ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०२० पर्यंत दहा लाख हायड्रोजन वाहने रस्त्यावर आणायचे ठरले होते. २०२० आले, महासाथ घेऊन आले, आणि त्या ऑक्टोबरात पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी फ्युएल सेलची एक मोटार चालवून दाखवली. एक! ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी मिराईत बसून संसदेत गेले. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. मात्र या वेळी कागद जरा शहाणपणाने लिहिलेला दिसतो. मार्च २०२५ मध्ये वाहतुकीसाठी जे प्रयोग मंजूर झाले त्यांत बस आणि ट्रक मिळून ३७ वाहने आहेत, केंद्रे ९. खासगी मोटार एकही नाही. मार्गांत पुणे-मुंबई आहे, अहमदाबाद-वडोदरा-सुरत आहे. गोवा नाही, आणि मला त्याचे दुःख नाही. पणजीहून काणकोणला जायला बॅटरीची बस पुरते. लांब पल्ल्याचा अवजड ट्रक ही गोष्ट वेगळी, तिथे प्रयोग व्हायला हवा.

तसे पाहिले तर हायड्रोजन गोव्याला नवा नाही. सांकवाळचा झुआरीचा खतकारखाना १९७३ पासून अमोनिया करत आला, आधी नाफ्थ्यापासून, नंतर नैसर्गिक वायूपासून. अमोनिया करायचा म्हणजे आधी हायड्रोजन काढावाच लागतो. तोच नायट्रोजनशी जुळवून पुढे युरिया. म्हणजे आपल्या शेतांत आणि पोरसांत पडणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीमागे हायड्रोजन होता, कोणी त्याचे भाषण केले नाही एवढेच. देशात वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो, तो बहुतेक असाच खतासाठी आणि तेलशुद्धीकरणासाठी. आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू वगैरे जाळीव मालापासून काढलेला, किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून. त्या १९,७४४ कोटींतून पाण्यापासून काढलेला हायड्रोजन आधी या खतकारखान्यांना मिळाला पाहिजे असे माझे मत. तिथे तो कोंडून पंपापर्यंत न्यायचा नाही, पुन्हा वीज करायची नाही, आणि युरियाला हायड्रोजनवाचून दुसरा इलाजही नाही. मोटारीला आहे.