एकोणतिसाव्या पातळीचा इतिहास

नव्वदच्या दशकात आपल्याकडील जत्रांतून आणि बाजारपेठांतून करड्या पडद्याचे, हातात मावणारे एक खेळणे मिळत असे. खोक्यावर '९९९९ गेम्स' असा दावा असे. प्रत्यक्षात बहुतेक वेळ एकच खेळ चाले, वरून पडणारे ठोकळे फिरवून, सरकवून त्यांच्या सलग ओळी जुळवण्याचा. हाच टेट्रिस. घरातल्या मुलांच्या हातून ते खेळणे आम्ही किती वेळा काढून घेतले याची गणती नाही. आणि भर दुपारी सारे झोपले असता आम्हीच ते चोरून खेळलो, हेही कबूल केलेले बरे. या खेळातल्या एका अडथळ्याशी माणसांनी तीस-पस्तीस वर्षे जी झुंज दिली, तिने सरावाविषयीच्या आमच्या काही ठाम समजुती हलवल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८४ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी हा खेळ 'एलेक्ट्रोनिका ६०' या संगणकावर रचला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवावे लागले. पुढे त्याच्या हक्कांवरून झालेल्या वादांची कथा मोठी रंजक आहे, पण ती येथे नको. आपल्याला प्रयोजन आहे ते जपानच्या निन्टेन्डो कंपनीने टीव्हीला जोडण्याच्या यंत्रासाठी १९८९ मध्ये काढलेल्या आवृत्तीशी.

या आवृत्तीत ओळी जुळत जातात तशी पातळी चढते आणि ठोकळ्यांचा वेग वाढतो. एकोणतिसाव्या पातळीवर तो एकाएकी दुप्पट होतो. पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात आणि प्रत्येक चित्रागणिक ठोकळा एक घर खाली येतो. चौकटीची उंची २० घरांची. म्हणजे वरपासून तळापर्यंत सेकंदाचा तिसरा भाग. बटण दाबून धरले तर ठोकळा सेकंदाला फार तर १० घरे आडवा सरकतो. हिशेब सरळ आहे: तेवढ्या अवधीत तीन घरे सरकता येतील, आणि १० घरांच्या रुंदीत मधोमध अवतरलेल्या ठोकळ्याला कडेला जायला त्याहून अधिक घरे लागतात. खेळ तेथे संपत नाही, पण खेळणारा संपतो. वर्षानुवर्षे खेळाडूंनी या पातळीला खेळाचा शेवटच मानले.

मानले, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. चिकाटीची उणीव कोणालाच नव्हती. २००९ मध्ये हॅरी हाँग यांनी गुणफलकावर मावणारे कमाल ९,९९,९९९ गुण मिळवल्याचे प्रमाणित झाले. २०१० मध्ये या जुन्या आवृत्तीची जागतिक स्पर्धा अमेरिकेत सुरू झाली आणि २०१७ पर्यंतच्या आठांपैकी सात विजेतेपदे जोनास न्यूबाउर यांनी पटकावली. परंतु हा सारा सराव भिंतीच्या अलीकडची जागा अधिकाधिक नीटनेटकी करण्याचा होता. भिंत ओलांडता येते याचा पुरावा तोपर्यंत समोर आलेला होता. १९९० च्या निन्टेन्डो स्पर्धेत गाजलेले थॉर ॲकरलंड बटण धरून न ठेवता अंगठा थरथरवून ते वेगाने पुन्हा पुन्हा दाबत, आणि २०११ मध्ये त्यांनी तिसावी पातळी गाठली. पण मोजके अपवाद सोडता कोणी त्यांच्या वाटेने गेले नाही. अंगठ्याची ती करामत म्हणजे एकाची देणगी, असे समजून सारे आपापल्या जुन्या सरावाकडे परतले. आम्हाला या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो.

२०१८ मध्ये १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने त्याच थरथरत्या अंगठ्याने अंतिम सामन्यात न्यूबाउर यांना हरवले. न्यूबाउर यांनी त्याचे मनापासून कौतुक केले. (२०२१ च्या जानेवारीत, अवघ्या ३९ व्या वर्षी, ते निवर्तले.) त्यानंतर ती रीत शेकडो मुलांनी उचलली, आणि तिची मर्यादाही लवकरच कळली: इतका वेग सतत सोसणे अंगठ्याला झेपत नाही, तो दुखावतो.

२०२० च्या अखेरीस ख्रिस्तोफर मार्टिनेझ याने वेगळीच तोड काढली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक आपटायची. प्रत्येक आघाताला कंट्रोलरच वर उचलला जाऊन बटण अंगठ्यावर दाबले जाते. तबल्याच्या मैफलीत बसणाऱ्यांना यात नवल वाटू नये. द्रुत लयीतले 'तिरकिट' एका बोटाने कोण वाजवील? काम बोटांत वाटले की वेग येतो आणि हातही टिकतो. ही युक्ती दडवून ठेवली गेली नाही. खेळ सर्वांना पाहता येतील असे प्रसारित होत, चुकांसकट. दूरच्या गावातला मुलगा ते पाहून रात्रीतून बोटे आपटू लागे.

एकोणतिसावी पातळी अशी पडली, आणि मग खेळाचा खरा शेवट कोठे, हा प्रश्न उरला. २०२१ मध्ये 'स्टॅकरॅबिट' नावाच्या संगणकीय प्रणालीने २३७ व्या पातळीपर्यंत मजल मारली, तेव्हा खेळच गोठून बंद पडला. जुन्या यंत्राला गुणांची आकडेमोड वेळेत आवरत नाही, हे त्याचे कारण. असा बिघाड १५५ व्या पातळीपासूनच घडू शकतो, असे छाननीत दिसले. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा विलिस गिब्सन तेथे पोचला. १५५ व्या पातळीवरची संधी त्याच्या हातून निसटली. तो खेळत राहिला आणि १५७ व्या पातळीवर पडदा गोठला. खेळ ३८ मिनिटे चालला होता. आपली बोटे बधिर झाल्याचे तो त्या क्षणी म्हणाला.

पुढच्याच महिन्यात एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने, आपण एक आई या नात्याने बोलतो आहोत असे सांगून, त्याला पडद्यापासून दूर होण्याचा आणि मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला. टेट्रिस जिंकणे हे काही जीवनाचे ध्येय नव्हे, असेही ऐकवले. पुष्कळांनी तिच्यावर टीका केली. आम्हाला मात्र तिच्या जागी आम्हीच दिसलो, हातातले खेळणे काढून घेणारे. तो सल्ला सर्वस्वी चुकीचा होता असेही आम्ही म्हणणार नाही. डोळ्यांना आणि पाठीला मोकळी हवा लागतेच. पण हाच मुलगा दोन वर्षे एकच पलटा घोटीत बसला असता, तर आम्ही त्याच्या आईवडिलांचे अभिनंदन करावयास गेलो असतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकेल आर्टियागा याने, गोठण्याचा दोष काढून टाकलेल्या आवृत्तीवर, २५५ वी पातळीही ओलांडली. वाटेत एका पातळीवर, यंत्रातल्याच एका दोषामुळे, नेहमीच्या १० ऐवजी ८१० ओळी जुळवाव्या लागतात. त्याही त्याने जुळवल्या. २५५ च्या पुढचा आकडा यंत्राला मोजता येत नाही. पातळीच्या जागी शून्य उमटले आणि पहिल्या पातळीवर पडतात तसे ठोकळे पुन्हा संथपणे पडू लागले.