थंडी निर्माण करणारा वायू : अमोनियाची दीडशे वर्षे

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याने गोठवलेल्या मालाचे बंद कंटेनर जात असतात. त्यांतील काहींत मासळी असते, काहींत मांस. हा माल उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. नवी मुंबईतील तळोजा औद्योगिक वसाहतीत असा माल गोठवणारे आणि साठवणारे कारखाने आहेत. मांसाच्या कारखान्यात धोका कशाचा, असे विचारले तर आपण सुऱ्या, करवती किंवा सांडपाणी सांगू. रसायनशास्त्रज्ञ मात्र छताखालून जाणाऱ्या पोलादी नळ्यांकडे बोट दाखवील. त्यांत बहुधा अमोनिया असतो. तो तेथे कसा पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे.

थंडी ही एके काळी आयात करण्याची वस्तू होती. १८३३ साली 'टस्कनी' हे जहाज बोस्टनच्या परिसरातील तळ्यांचा बर्फ घेऊन कोलकात्यास आले. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ साठवण्यासाठी बर्फघर बांधले गेले. त्याच शतकात यंत्राने थंडी निर्माण करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यामागील तत्त्व आपण माठात रोज पाहतो : द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. ती वाफ दाबून पुन्हा द्रव केली की चक्र पूर्ण होते. सुरुवातीच्या यंत्रांत ईथर वापरत. ते चटकन पेट घेई. १८७६ च्या सुमारास जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारे यंत्र तयार केले. त्याची पहिली गिऱ्हाइके बिअरचे कारखाने होते. मांसाचे व्यापारी लवकरच थंडीकडे वळले. १८८२ साली 'डुनेडिन' जहाजाने न्यूझीलंडहून सुमारे ५,००० मेंढ्यांचे गोठवलेले मांस लंडनला सुखरूप नेले. त्या जहाजावरील यंत्र मात्र दाबलेल्या हवेवर चालणारे होते.

अमोनियाच का? तो उणे ३३ अंशांना उकळतो आणि त्याची बाष्पनाची अप्रकट उष्मा फार मोठी आहे. एक किलोग्रॅम द्रवाची वाफ होताना सुमारे १,३७० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. शिवाय तो स्वस्त आहे. पण तो डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजून काढतो. हवेतील त्याचे प्रमाण १५ ते २८ टक्के झाले तर तो पेटतोही.

१९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू असत. गळतीने माणसे मरत. अशाच एका बातमीने अस्वस्थ होऊन आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी हलणारे भाग नसलेला फ्रिज शोधून काढला. बाजार जिंकला तो मात्र मिजली यांच्या फ्रिऑनने. तो विषारी नव्हता आणि जळतही नव्हता. पुढे या वायूंनी ओझोनचा थर विरळ होतो असे आढळले. १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मोठ्या शीतगृहांनी अमोनिया कधीच पूर्णपणे सोडला नव्हता, आता तर त्याचे महत्त्व आणखी वाढले. तो ओझोनला धक्का लावत नाही आणि पृथ्वीचे तापमानही वाढवत नाही. म्हणजे साऱ्या जगावरचा धोका आपण टाळला आणि कारखान्याच्या भिंतीआडचा धोका पत्करला. मग तो सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

या जबाबदारीला कायद्याचे रूप यायला भोपाळ घडावे लागले. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी द्रवाची टाकी थंड ठेवणारी प्रशीतन यंत्रणा कित्येक महिने बंदच होती. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील लोकांना देणे बंधनकारक झाले, आणि धोका जवळ आल्याचे दिसताच इशारा देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्कालीन गट ठरवून दिले.

नियम कागदावर राहिले तर काय होते, हे चीनने दाखवले. जून २०१३ मध्ये जिलिन प्रांतातील कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात आग लागली, अमोनियाचा स्फोट झाला आणि सुमारे १२० कामगार मेले. बाहेर पडण्याची बरीचशी दारे कुलूपबंद होती. वायू बदलला म्हणून धोका संपतो असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अशाच कारखान्यात द्रवरूप नायट्रोजन गळून सहा जण गुदमरले. नायट्रोजनला वास नसतो. अमोनियाचा वास मात्र घातक प्रमाणाच्या पुष्कळ आधी येतो. दहा लाख भाग हवेत ३०० भाग अमोनिया जिवाला तत्काळ धोकादायक मानतात, पण त्याहून कितीतरी कमी प्रमाण नाकाला कळते. अडचण एवढीच की रोजच्या वासाला नाक सरावते. म्हणूनच नाकाच्या जोडीला मोजणारे संवेदक आणि भोंगा हवाच.

वर्गात हे सहज दाखवता येईल. प्रयोगशाळेतील सौम्य अमोनियाच्या बाटलीचे बूच क्षणभर काढून तोंडाजवळ ओला लाल लिटमस धरा, तो निळा होईल. शीतगृहातील बारीक गळती शोधायलाही ओला लिटमस वापरतात. कोरडा कागद का बदलत नाही, हे विद्यार्थ्यांना विचारा. अमोनिया पाण्यात अतिशय विरघळतो, म्हणून त्याच्या ढगावर पाण्याचे फवारे मारतात. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी ओतायचे नसते, कारण पाण्याच्या उष्णतेने त्याची वाफ अधिक वेगाने होते.

तळोज्याच्या आसपास आज खारघर, कळंबोली, कामोठे या वस्त्या वाढल्या आहेत. तेथील शाळांनी परिसराचा नकाशा काढून जवळची शीतगृहे त्यावर दाखवावीत. कोणत्या ऋतूत वारा कोठून वाहतो, गळतीची सूचना शाळेला कोण देणार, आणि त्या वेळी मुलांनी दारे-खिडक्या लावून आत थांबायचे की वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचे, हे कारखान्याला आणि अग्निशमन दलाला आधीच विचारून ठेवावे. ही माहिती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.